चांगलाच डोळा का झाकायचा?

शाळेत असताना आपण सगळ्यांनी ती आकृती काढलेली आहे. एका बाजूला डोळा, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. डोळ्याचं भिंग म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग, बाहुली म्हणजे ते छिद्र, आणि रेटिना म्हणजे फिल्म. 'साम्य स्पष्ट करा', गुण चार. साम्य खरंच आहे, ते नाकारायचं काही कारण नाही. पण माझं आपलं एक मत आहे (ते पटलंच पाहिजे असं नाही, पटलं तर बरं), की ही आकृती आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की तिच्यापायी आपण लहान मुलांच्या डोळ्यांबाबत दोन वाक्यं अगदी सहज बोलून जातो. एक म्हणजे, "बघू सावकाश, मोठी झाली की." आणि दुसरं, "आता काय उपयोग, उशीर झाला." ही दोन्ही वाक्यं गेल्या वर्षभरात मी माझ्याच नात्यात ऐकली, म्हणून हा सगळा प्रपंच.

कॅमेऱ्याचं कसं असतं, लेन्सवर धूळ बसली, पुसली, की पुढचा फोटो चकाचक. दहा वर्षं कपाटात पडून राहिला तरी त्याच्या अकलेत काही फरक पडत नाही, कारण मुळात अक्कल नाहीच. डोळ्याचंही असंच असतं तर पडदा कधीही दूर करा, चष्मा कधीही लावा, काम झालंच. पण रेटिनावर पडतो तो नुसता प्रकाशाचा सडा. त्यात 'ही गाय', 'ही गायीची सावली', 'हा मागचा गोठा' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या नसतात. ती वाटणी मेंदू करतो. आणि मला जे सांगायचंय ते हेच, की ही वाटणी करायला तो बऱ्याच अंशी शिकतो.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. १५ ते ८ ठिपके, म्हणजे मधल्या ओळीत १५ आणि दोन्हीकडे एकेक कमी होत शेवटी ८. रेष अजून एकही ओढलेली नाही. तरी कोणीही बघितलं की षट्कोन दिसतो. जरा टक लावून बघितलं तर आडव्या ओळी दिसतात, मग अचानक त्याच तिरप्या होतात, मग दुसऱ्या बाजूला तिरप्या होतात, मधेच सात ठिपक्यांचं फूल उमलतं आणि नाहीसं होतं. जमिनीवर मात्र काहीच हललेलं नाही. तिथे फक्त चिमटी-चिमटी पांढरी पूड आहे. ओळ, फूल, षट्कोन हे सगळं आपलं.

माक्स वेर्थायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२३ साली नेमका हाच उद्योग कागदावर केला. ठिपके काढले आणि विचारलं, की आपल्याला यात अमुकच गट का दिसतात? त्याची उत्तरं वाचताना 'यात काय नवीन' असं वाटतं, इतकी ती अंगवळणी पडलेली आहेत. जवळजवळचे ठिपके एका घरातले वाटतात, सारखे दिसणारे एका घरातले वाटतात, आणि एकत्र हलणारे तर नक्कीच एका घरातले. (हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) नंतर १९५५ मध्ये कानिझ्झा या इटालियन माणसानं आणखी गंमत केली. तीन भाकऱ्या घ्या, प्रत्येकीचा त्रिकोणी तुकडा तोडा आणि तोडलेल्या बाजू एकमेकींकडे येतील अशा मांडा. मधे एक शुभ्र त्रिकोण दिसतो, कडांसकट. कडा तिथे नाहीतच. आपला मेंदू त्या घरचं खाऊन काढून देतो.

हे सगळं मेंदूत कुठे होतं, याचा पहिला पक्का धागा हाताला लागला तो जरासा अपघातानंच. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल हे दोघं १९५८ मध्ये अमेरिकेत मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युतसंदेश ऐकत होते. काचेच्या स्लाइडवर ठिपके काढून मांजराला दाखवायचे आणि पेशी बोलते का ते बघायचं. पेशी काही केल्या बोलेना. आणि एकदा स्लाइड सरकवताना ती ताडताड वाजायला लागली. ठिपक्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, ती वाजत होती स्लाइडच्या कडेच्या पुसट सावलीला, तीही ठरावीक कोनात सरकली तरच. म्हणजे एक पेशी फक्त उभ्या रेघेची, दुसरी तिरप्या रेघेची, आणि अशा रेघारेघांतून पुढे आकार.

पण त्या दोघांचं जे काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा त्यांनी जन्मल्यापासून दोन-तीन महिने शिवून बंद ठेवला आणि मग उघडला. डोळा धडधाकट. पण पिल्लाला त्यानं जवळजवळ दिसेना. मेंदूतली त्या डोळ्याची जागा दुसऱ्या डोळ्यानं बळकावली होती. (वडिलोपार्जित घरात सहा महिने कुलूप असलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच.) मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस बंद ठेवला तर काही झालं नाही. या प्रयोगांची क्रूरता मला खुपते, हे खुपतंय एवढं सांगून पुढे जातो, कारण त्यांच्यामुळेच लहान मुलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लवकर व्हायला हवं हे डॉक्टरांना उमगलं. दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं.

यातून पुढे एक समज तयार झाला, तो म्हणजे साधारण सात-आठ वर्षांनंतर दार बंद. त्यानंतर जन्मांध मुलाचं ऑपरेशन करून हाती काही लागणार नाही. हा समज धक्क्याला लागला तो आपल्याच देशात. दिल्लीत आयआयटीत शिकून अमेरिकेत एमआयटीला प्राध्यापक झालेले पवन सिन्हा यांनी 'प्रकाश' नावाचा प्रकल्प सुरू केला. उत्तर भारतातल्या खेड्यापाड्यांत फिरून जन्मजात मोतीबिंदू असलेली, पण कधीच उपचार न झालेली मुलं शोधायची, दिल्लीतल्या श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयात त्यांची ऑपरेशनं करायची, आणि मग त्यांना विचारायचं, "काय दिसतंय?" सेवा आणि संशोधन एकाच फेरीत. मला यात सगळ्यात काय आवडलं असेल तर हे, की ज्याच्याकडून शिकायचं त्याला आधी काहीतरी दिलेलं आहे.

या लोकांनी अभ्यास केलेल्यांपैकी एक होता २९ वर्षांचा. शोधनिबंधात तो एस. के. या आद्याक्षरांनी येतो. त्याच्या डोळ्यांत जन्मापासून भिंगच नव्हतं. एका साध्या चष्म्यानं काम होण्यासारखं होतं, आणि तो चष्मा त्याला २९ वर्षं मिळाला नव्हता! २००४ मध्ये तो मिळाल्यावर त्याची नजर साधारण ६/३६ झाली, म्हणजे चांगली नजर असलेल्याला ३६ मीटरवरून दिसेल ते याला ६ मीटरवरून. फार चांगली नाही, पण कॅमेरा म्हणून चालण्यासारखी. आता त्याला कागदावर एक गोल आणि त्यावर थोडासा चढलेला एक चौकोन दाखवला. किती वस्तू आहेत? तो म्हणाला तीन. गोलाचा उरलेला भाग एक, चौकोनाचा उरलेला भाग दोन, आणि दोघांचा एकमेकांवर आलेला तुकडा तीन. गायीचा फोटो दाखवला तर तिच्या अंगावरचा प्रत्येक रंगाचा डाग ही त्याला वेगळी वस्तू. सावली वेगळी वस्तू. चेंडूवर पडलेली उजेडाची तिरीपसुद्धा वेगळी वस्तू.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसलो. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे, त्यावर आंब्याच्या फांदीची सावली, गज, गजांमागे खुर्ची. यातलं काय कशाचं, हा प्रश्न मला एकदाही पडत नाही. त्या माणसापुढे ते सगळं एकाच वेळी, एकाच पातळीवर, भंगाराच्या ढिगासारखं पडलं असणार.

आणि मग कोणीतरी तो चौकोन हलवला. हलता चौकोन त्याला लगेच चौकोन म्हणून दिसला. जे तुकडे एकत्र हलतात ते एकाचे, वेर्थायमरचा तोच नियम. पुढे सुमारे दीड वर्षानं त्याला न हलणाऱ्या चित्रांतल्या वस्तूही बऱ्यापैकी सुट्या करता यायला लागल्या होत्या. म्हणजे हलणाऱ्या जगाकडून थांबलेलं जग तो शिकत गेला. हालचालीची ताकद किती असते बघा. स्वीडनच्या योहानसननं १९७३ मध्ये माणसांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून त्यांना अंधारात चालवलं. पाहणाऱ्यांना फक्त दहा-बारा ठिपके. थांबले असता कशाचा काही बोध नाही, चालायला लागले की क्षणात 'माणूस चालतोय'. आपणही गल्लीच्या टोकाला दिसणाऱ्या ठिपक्याला 'अरे, काका आले' म्हणतो ते चेहरा बघून नव्हे, चाल बघून.

एक जुना प्रश्नही इथे सुटला. १६८८ मध्ये मोलिनो नावाच्या आयरिश गृहस्थांनी जॉन लॉकला पत्र लिहून विचारलं होतं, की जन्मांध माणसाला हातानं चाचपून घन आणि गोल ओळखता येतात, त्याला अचानक दिसायला लागलं तर हात न लावता तो ते ओळखेल का? तत्त्वज्ञ मंडळी यावर तीनशे वर्षं भांडली. 'प्रकाश'च्या लोकांनी ८ ते १७ वयाच्या पाच मुलांना ऑपरेशननंतर लगेच ठोकळे दिले. हातानं चाचपलेला ठोकळा हातानंच परत ओळखणं, ९८ टक्के बरोबर. बघितलेला ठोकळा बघून ओळखणं, ९२ टक्के. आणि चाचपलेला ठोकळा बघून ओळखणं, ५८ टक्के, म्हणजे छापा-काटा केल्यापेक्षा थोडंच बरं. निबंध २०११ मध्ये आला. पण मला उत्तरापेक्षा त्याची पुरवणी जास्त आवडते. पुन्हा तपासलेल्या मुलांना हेच जमायला लागलं होतं, कोणाला तर आठवड्याच्या आत.

आता 'सगळंच शिकावं लागतं' असंही मी म्हणत नाही. २०१५ मध्ये याच गटानं नुकती दिसायला लागलेली मुलं दृष्टिभ्रमाला फसतात का ते पाहिलं. दोन सारख्या रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या बाहेर, ते नेहमीचं चित्र. मुलं पहिल्याच फटक्यात आपल्यासारखीच फसली! म्हणजे काही गोष्टी आपण घेऊनच येतो. कोणत्या घेऊन येतो आणि कोणत्या इथे आल्यावर जमवतो, ही यादी अजून पुरी झालेली नाही, आणि तिच्यातली प्रत्येक ओळ अशा एखाद्या मुलाच्या उशिरा उघडलेल्या डोळ्यांतून आली आहे.

बरं, आता घरच्या गोष्टीकडे. माझ्या चुलतबहिणीची मुलगी चार वर्षांची आहे. टपोरे डोळे, तिरळेपणाचं नाव नाही, पुस्तकातली मुंगीसुद्धा शोधून दाखवते. बालवाडीतल्या तपासणीत कळलं, की उजव्या डोळ्याला चांगलाच मोठा प्लस नंबर आहे आणि डावा जवळजवळ साफ. कोणाला कळणार कसं? मुंगी शोधत होता तो डावा डोळा. उजव्याकडून कायम धूसर चित्र येत गेलं आणि मेंदूनं त्याच्याकडे लक्ष देणं सोडून दिलं. याला 'आळशी डोळा' म्हणतात, जे मला फार अन्यायाचं वाटतं. डोळा बिचारा कामावर हजर असतो, त्याची हजेरी कोणी घेत नाही. शंभरात एक ते तीन मुलांच्या आसपास हे प्रमाण असतं, म्हणजे साधारण प्रत्येक वर्गात एखादं मूल.

डॉक्टरांनी चष्मा दिला आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली. आणि घरात महाभारत. "एवढीशी पोर, तिला चष्मा?" इथपासून "आम्ही नाही बाई असलं काही ऐकलं, ही नवीन फॅडं," इथपर्यंत. आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे, आणि तुझा प्रश्न त्या सगळ्यांत खरा शहाणा होता असं मी सगळ्यांसमोर लिहून देतो. तू विचारलंस, "अरे, पण चांगलाच डोळा का झाकायचा? अधू आहे त्याला विश्रांती द्या ना!"

डोळा कॅमेरा असता तर तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. दोन कॅमेऱ्यांतला एक बिघडला तर चालू असलेल्यावर फडकं कोण टाकेल? पण इथे बिघाड डोळ्यात थोडा आणि शिक्षणात जास्त आहे. वर्गात एक हुशार मुलगा प्रत्येक प्रश्नाला हात वर करत असेल तर मागच्या बाकावरचा कधी तोंड उघडणारच नाही. हुशाराला थोडा वेळ बाहेर पाठवायचं, म्हणजे मागच्याला उठावं लागतं. पट्टी म्हणजे एवढंच. आणि फॅड म्हणशील तर ही युक्ती फ्रान्सच्या ब्युफाँनं १७४३ मध्येच लिहून ठेवली आहे. पोरगी दिवसभर चाचपडेल ही भीतीही थोडी कमी कर. अमेरिकेत २००३ मध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत मध्यम तीव्रतेच्या आळशी डोळ्याला रोज दोन तास पट्टीचा सहा तासांइतकाच गुण आला होता. अर्थात हिच्या डोळ्याला किती तास, ते तिचे डॉक्टरच ठरवतील.

'मोठी झाली की बघू' हे म्हणूनच मला पटत नाही. मोठी होण्याचा काळ हाच शिकण्याचा काळ आहे. तो डोळा थांबलेला नसतो, तो रोज थोडी थोडी जागा सोडत असतो.

दुसरं वाक्य ऐकलं ते आमच्या गावाकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाबद्दल. त्याच्या घरच्यांना एका दवाखान्यात सांगितलं, "आठ वर्षांनंतर उपयोग नसतो, एका डोळ्यानं भागतं की." घरचे परत आले. मला या वाक्याचा पहिल्यापेक्षा जास्त राग येतो, कारण पहिल्यात निदान आशा आहे. २००५ मध्ये ७ ते १७ वयाच्या ५०७ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ७ ते १२ वर्षांच्या मुलांपैकी ज्यांना चष्म्याबरोबर पट्टी वगैरे उपचार दिले, त्यांतल्या ५३ टक्क्यांची नजर ठरवलेल्या मापाइतकी सुधारली, नुसत्या चष्म्यावर २५ टक्क्यांची. त्याहून मोठ्या मुलांत, आधी कधीच उपचार झाले नसतील तर, थोडी आशा होती. हे चमत्कार नव्हेत. निम्म्यांना फारसा गुण आला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. पण 'उपयोग नाही' आणि 'निम्म्यांना उपयोग आहे' यांत अकरा वर्षांच्या पोराचा एक डोळा बसतो. त्याच्या आईवडिलांना मी हे आकडे कळवले आहेत आणि ते दुसरीकडे दाखवायला तयार झाले आहेत. पुढे काय होतं बघू.

'प्रकाश'मधली मुलंही ६/६ होत नाहीत. उशिराची किंमत त्यांना मोजावी लागतेच. बारीक अक्षर त्यांच्या हाती सहसा लागत नाही, आणि रंग काढून टाकलेली चित्रं ओळखताना ती आपल्यापेक्षा जास्त अडखळतात, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. (त्याचं एक कारण असं सुचवलं जातं, की तान्ह्या बाळाला सुरुवातीला रंग नीट दिसतच नाहीत, त्यामुळे ते आधी उजेड-अंधारावर आकार ओळखायला शिकतं. या मुलांची ती इयत्ताच चुकली. मला हे फार सुंदर वाटतं, बाळाचं अंधुक दिसणं हासुद्धा अभ्यासक्रमाचा भाग असावा हे.) पण तक्त्यावरची अक्षरं मोजून 'उपयोग झाला नाही' म्हणणारे परत कॅमेराच तपासत असतात. जे मूल आधी भिंत धरून चालत होतं ते एकटं दुकानात जाऊन येतं, समोरचा चेहरा आहे की दुसरं काही हे त्याला काही महिन्यांत कळायला लागतं, ते तक्त्यावर कुठे मांडणार?

सरकारी पातळीवर काहीच नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तोच मुळी आपल्या पालघरमधून, आणि जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे. आपल्या शहरी, चारचाकीतून शाळेत जाणाऱ्या पोरांची मात्र दातांची तपासणी होते, डोळ्यांची 'तक्रार आली की'. तक्रार येत नाही. ज्या मुलानं कधी दोन्ही डोळ्यांनी सारखं पाहिलंच नाही ते तक्रार कशाची करणार?

म्हणून वाचणाऱ्या सगळ्या आई-बाबा-मामा-मावश्यांना एक काम. पोराचा एक डोळा तळहातानं झाका, मग दुसरा, खेळ म्हणून. एका बाजूला मूल निवांत आणि दुसऱ्या बाजूला हात झटकून रडायला लागलं, तर पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. काही झालं नाही तरी तीन-चार वर्षांचं होईपर्यंत एकदा जाच. आणि फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल किंवा काळी आणि दुसऱ्याची पांढरी दिसत असेल तर आठवडाही थांबू नका. तो मोतीबिंदू असू शकतो, क्वचित डोळ्यातली गाठही. फोनमधले बाळाचे जुने फोटो त्यासाठी एकदा परत चाळा. नाहीतरी आपण ते चाळतच असतो.